तिसऱ्या वचनावर थांबणाऱ्या पाळकांस

प्रति,
खराडी, चंदननगर, वडगाव शेरी आणि नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेल्या मंडळ्यांचे आदरणीय पाळक, फादर, वडीलमंडळी आणि रविवारच्या शाळेचे शिक्षक यांस,



हे पत्र लिहिणारी बाई खराडीत राहते. माहेर राहुरीकडचं, सासर जालन्याचं, नोकरी एका आयटी कंपनीत. रविवारची सकाळ आपल्यापैकीच एकाच्या देवळात जाते. देऊळ म्हणजे व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. खाली टायरचं दुकान आहे. तिला हे सगळं ‘मी’ म्हणून लिहिता आलं असतं. पण आपल्याकडे बाईने ‘मी’ म्हणून काही सांगितलं की त्याची ‘साक्ष’ होते. साक्षीनंतर टाळ्या पडतात, आमेन होतं आणि पुढचं गीत सुरू होतं. तिला टाळ्या नकोत, उत्तर हवं आहे. म्हणून ती स्वतःबद्दलही तिऱ्हाइतासारखं लिहिते आहे.

निमित्त घडलं कौटुंबिक रविवारचं. प्रवचनाला इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय होता. पहिली तीन वचनं वाचली गेली: मुलांनी आईबापांचं ऐकावं, त्यांचा मान राखावा, म्हणजे त्यांचं भलं होईल. मग सगळ्या मुलांना उभं केलं. कीबोर्डवर हळू सूर धरला गेला आणि मुलांनी आपापल्या आईवडिलांकडे वळून वर्षभरातल्या अवज्ञेची क्षमा मागितली. अनेकांचे डोळे पाणावले. पत्र लिहिणारीचेही पाणावले, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी परतताना खराडी बायपासच्या सिग्नलला गाडी नेहमीप्रमाणे अडकली. मागच्या सीटवरच्या तेरा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर तोच अध्याय उघडला होता. “पप्पा, चौथं वचन वाचलंच नाही त्यांनी. ते तुमच्यासाठी आहे,” तो म्हणाला. चौथ्या वचनात पौल बापांना बजावतो की मुलांना डिवचू नका, संतापवू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. गाडीत सिग्नल सुटेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून तिने मोजायला सुरुवात केली. खराडीत येऊन तिला अकरा वर्षं झाली. या काळात ‘आईबापांचा मान राख’ ही आज्ञा तिने व्यासपीठावरून इतक्यांदा ऐकली आहे की मोजदाद राहिली नाही. चौथ्या वचनावर मात्र एकही पूर्ण प्रवचन तिला आठवत नाही. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हीच जोडी पुन्हा येते, एक वचन मुलांना आणि लगेच पुढचं बापांना. तिथे पौल कारणही देतो, की मुलांचं मन खचू नये. रोमन जगात कुटुंबप्रमुखाला पोरांच्या जिवावरही कायद्याने हक्क होता. मुलांनी ऐकावं, हे त्या काळी कुणालाही सांगता आलं असतं. बापाला कुणी आवर घालणं, ही त्या पत्रातली नवलाची गोष्ट होती. आपण नवलाची गोष्ट वगळून रोजचीच गोष्ट सांगत आला आहात, एवढीच तिची पहिली तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी याच मुळाच्या फांद्या आहेत.

आता छडीबद्दल. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातलं ते वचन पालकांच्या प्रत्येक शिबिरात येतं आणि त्यामागोमाग ‘छडी टाळाल तर पोर बिघडेल’ या अर्थाची इंग्रजी म्हण येते. ही म्हण त्या शब्दांत पवित्र शास्त्रात नाही. ती रूढ झाली सॅम्युएल बटलरच्या ‘ह्युडिब्रास’ या सतराव्या शतकातल्या विडंबनकाव्यामुळे, आणि तिथे ती प्रेमी जिवांच्या चावट थट्टेत येते. व्यासपीठावरून ती ऐकताना हे ठाऊक असलेल्याला हसू आवरणं जड जातं.

मूळ वचनात छडीसाठी हिब्रू शब्द आहे ‘शेबेत’. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात जी काठी आहे, जिच्यामुळे अंधाऱ्या दरीतही धीर वाटतो, तिलाही तोच शब्द आहे. पुणे जिल्ह्यात धनगर कळप घेऊन चालताना कुणी नीट पाहिलं असेल, तर त्या काठीचं काम वेगळं सांगायला नको. वाट सोडणाऱ्या कोकराला ती हलकेच आडवी येते आणि कुत्रं आलं तर कुत्र्यावर उगारली जाते. धनगर कोकराला झोडपत सुटला तर संध्याकाळी त्याच्याकडे कळपच उरणार नाही. अर्थात, नीतिसूत्रांच्याच तेविसाव्या अध्यायात मारण्याचा उल्लेख सरळ सरळ आहे. तो झाकून ठेवा, असं तिचं म्हणणं नाही. त्यावर बोला, पण जाणकाराला सोबत घेऊन बोला. आपल्याच रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, ती कँडीहून 1955 मध्ये इथे आली. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती 1983 मध्ये यवतमाळहून आली. हिब्रू जाणणारी माणसं इतक्या जवळ असताना छडीचा अर्थ व्हॉट्सॲपवरून का घ्यावा? एक संस्था कॅथलिक, दुसरी प्रोटेस्टंट, ही अडचण तिला कळते. पण हिब्रू दोघांचं एकच असावं.

आणि एक विसंगतीही पाहा. मुलांना शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी घातली. सोमवार ते शनिवार सरकार मुलांच्या हातावरची छडी काढून घेतं आणि रविवारी आपण ती बापाच्या हातात देता.

रविवारच्या शाळेविषयी लिहिताना तिचा हात जरा अडखळतो. कारण तिथले शिक्षक स्वतः नोकरी करून, आपली सुट्टी घालवून शिकवतात, त्याचे पैसे घेत नाहीत. तरीही जे घडलं ते लिहायला हवं. वचन-पाठांतर स्पर्धेत तिची नऊ वर्षांची मुलगी मंचावर मध्येच अडली. माइक शिक्षिकेच्या हातात होता. “घरी कौटुंबिक प्रार्थना होत नाही वाटतं,” हे वाक्य सगळ्या हॉलने ऐकलं. मुलीने त्या दिवसापासून पाठांतराची वही उघडलेली नाही.

पाठांतराशी तिचं भांडण नाही. आपल्या परंपरेतलं पाठांतराचं मोठं उदाहरण तर खुद्द पंडिता रमाबाईंचं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या लक्ष्मीबाईंनी लेकीला. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे की पहाटे, पाखरं जागी होण्याआधी, आई झोपलेल्या लेकीला लाडाने उठवून जवळ घ्यायची आणि तोंडी पाठ द्यायची. त्या पाठांमधून भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. हे घर पुराणिकांचं होतं, ख्रिस्ती नव्हतं. पण अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे पालकांना जी रीत सांगतो ती हीच आहे: घरात बसल्यावर, वाटेने जाताना, आडवं होताना आणि उठल्यावर मुलांशी बोलत राहा. मंच, माइक, पदक यांचा त्या अध्यायात पत्ताच नाही. रमाबाईंचं पाठांतर आईच्या कुशीत झालं आणि आपल्याकडचं पंचांपुढे होतं, फरक असलाच तर हा आहे.

खराडीत मात्र ते चार प्रसंग जुळवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर आपण कधी बोलत नाही. 1997 मध्ये महापालिकेत आलेलं हे शेतीचं गाव आता अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. घरात बसावं म्हटलं तर आई हेडफोन लावून बसलेली. वाटेने जावं तर मूल शाळेच्या बसमध्ये आणि बाप नगर रस्त्याच्या कोंडीत. आडवं होण्याच्या वेळी तिकडच्या क्लायंटची सकाळ उजाडते. राहिली पहाट, तर तिथे बसची घाई. अशा घरांना आपण आणखी काय देता? शुक्रवारी उपासप्रार्थना, शनिवारी कोयरचा सराव, रविवारी उपासना आणि लगेच तरुण संघ, आणि आठवड्यात मधल्या एखाद्या दुपारी मातांची सभा. दुपारी तीन वाजता कुठली आई मोकळी असते, हे सभा ठरवणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावं. बापांची सभा तर तिने ऐकलेलीच नाही. मुलांना देवाचं सांगण्याचं सगळं काम आईच्या पदरात आणि प्रार्थनेची सांगता करायचा मान बापाला, अशी वाटणी कुठल्या वचनात आहे?

एकदा तरी महिन्यातला एक शनिवार मोकळा सोडून ‘आज कार्यक्रम नाही, घरी बसा’ असं जाहीर करावं, अशी तिची विनंती आहे. आणि बापांना बोलावून चौथं वचन वाचावं. मुलांसमोर वाचलं तर फारच उत्तम.

भाषेबद्दल बोलणं तिला भाग आहे, कारण तिची सासू रडली. सासू जालन्याहून आली होती, तिच्या पिशवीत झिजलेल्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र होतं. तिने नातीला योनाची गोष्ट वाचायला सांगितली. नात इंग्रजी शाळेतली. जोडाक्षरांवर अडत अडत तिने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, “आजी, स्क्रीनवर इंग्लिशमध्ये असतं ते सोपं आहे.” दोष घराचा आहे, हे आधीच कबूल. पण आपला काहीच नाही? रविवारची शाळा नावाची गोष्ट 1780 मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने नावारूपाला आणली, ती सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना वाचायला यावं म्हणून. आज आपल्या रविवारच्या शाळेतून मुलं रंगीत चित्रं, इंग्रजी गाणी आणि हातवारे घेऊन बाहेर पडतात. त्यांना आजीचं पुस्तक वाचता येत नाही.

आणि हे पुण्यात व्हावं? या जिल्ह्यातल्याच केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, रमाबाई उतारवयात हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या. कारण होतं खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायका. त्यांना कळेल अशा सोप्या मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं होतं. खिळे जुळवण्यापासून छपाईची कामं मुक्तीतल्या मुली-बायकांनीच केली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 2010 मध्ये ‘सुबोध बायबल’ दिलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याही आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आलं होतं. चारशे वर्षांचं हे धन घरात असताना पालकांच्या शिबिराला अमेरिकेतल्या एखाद्या पुस्तकाचे दहा मुद्दे पडद्यावर येतात. त्यात बाप मुलाला मासेमारीला घेऊन जातो. खराडीतला बाप मुलाला मुळा-मुठेच्या काठावर मासेमारीला नेईल तर घरी येऊन दोघांना आंघोळ करावी लागेल.

आता मुलांच्या प्रश्नांकडे येऊ. तिच्या मुलीने वर्गात विचारलं होतं, “तारवाच्या बाहेर राहिलेल्या लहान मुलांचं काय झालं? त्यांनी काय केलं होतं?” उत्तर मिळालं की असे प्रश्न सैतान मनात घालतो. मुलगी रात्री दिवा लावून झोपू लागली. पत्र लिहिणारीला स्वतःलाही उत्तर येत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला बुडणाऱ्या मुलांची कणव येणं ही सैतानाची करामत असेल, असं तिला वाटत नाही.

याजक एलीची गोष्ट आपण सगळेच सांगता. लहानगा शमुवेल रात्री तीनदा उठून धावत एलीकडे जातो. एली दोनदा त्याला परत झोपायला पाठवतो. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की पोराशी बोलणारा दुसराच कुणी आहे. प्रवचन बहुधा इथे संपतं. पुढचा भाग अधिक अवघड आहे. मुलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याच्या विरुद्ध असतो, आणि तो ऐकायला एली स्वतः हट्ट धरतो, काही लपवू नकोस म्हणतो. एलीला आपले मुलगे सांभाळता आले नव्हते, पण पोराच्या तोंडून कटू ऐकण्याची ताकद त्याच्यात होती. आपल्यापैकी किती जणांनी रविवारच्या शाळेतल्या पोरांना बसवून ‘आमचं काय चुकतं ते सांगा’ असं विचारलं आहे? जाता जाता, आपली स्वतःची मुलंही याच वर्गात बसतात. पाळकाची मुलं म्हणून त्यांना चुकायची मुभा इतरांपेक्षा कमी असते, हे त्यांचे मित्र घरी येऊन सांगतात.

मुलांना आपण ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या साच्यातला विश्वास यावा, ही घाई नवी नाही. रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांची मनोरमा अवघी अडीच वर्षांची होती. पुढे मुलीला काय शिकवावं आणि कुणी शिकवावं, यावरून रमाबाई आणि तिथल्या मठातल्या सिस्टर जेरल्डिन यांच्यात पत्रांतून कडक वाद झाले. अ. भि. शहा यांनी 1977 मध्ये संपादित करून प्रसिद्ध केलेल्या पत्रव्यवहारात ते वाचायला मिळतात. परक्या देशात, ज्या सिस्टरांच्या आधाराने राहायचं त्यांनाच ही विधवा आई सांगते आहे की लेकीच्या जडणघडणीत शेवटचा शब्द माझा. जेरल्डिनबाईंना ती हट्टी वाटली. त्यांनी मनोरमेवर माया केली, हेही खरं. पण आपल्या शिबिरात त्या पत्रव्यवहारावर एक तास ठेवला तर पालक आणि मंडळी यांच्यातल्या सीमेबद्दल जे कळेल, ते दहा मुद्द्यांत कळणार नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळक? रेव्हरंड टिळकांची गीतं आपण ‘उपासना-संगीता’तून दर रविवारी गातो, पण त्यांच्या घरात काय घडलं हे मुलांना सांगत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही. मग एका प्रवासात विचार करता करता त्यांना वाटलं की हा जातीचा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, आणि तिथेच गाठ सुटली. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. टिळक तापट होते, संसारात बेभरवशाचे होते, ‘स्मृतिचित्रे’मध्ये याचे किस्से भरपूर आहेत आणि बाईंनी ते हसत सांगितले आहेत. पण बायकोचा विश्वास त्यांनी ओढून आणला नाही.

राहुरीला टिळकांचं बिऱ्हाड होतं. त्यामुळे पत्र लिहिणारीच्या माहेरी ही गोष्ट घरातल्यासारखी सांगितली जाते. तिच्या आजीने ती चुलीपाशी बसून सांगितली होती. तेरा वर्षांचा मुलगा आता दृढीकरणाच्या वर्गाला जायला तयार नाही. ‘अजून कळत नाही’ म्हणतो. मंडळीतून रोज कुणीतरी विचारतं, “अजून नाही का?” तिने त्याला लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “मग मला अजून वेळ आहे.” आपणही त्याला तो द्यावा, ही तिची विनंती आहे. मंदिरात मागे राहिलेल्या बारा वर्षांच्या येशूला शोधायला मरीया आणि योसेफ यांना तीन दिवस लागले. तो सापडला तेव्हा जे बोलला, ते त्यांना कळलं नाही. लूक लिहितो की मरीयेने ते मनात जपून ठेवलं. तिथे कुणी तिला विचारलं नाही की घरी कौटुंबिक प्रार्थना होते की नाही.

गावाकडे पाळकांची घरभेट असायची. सायकल भिंतीला टेकवून पाळक आत यायचे, बाजेवर बसायचे, दुष्काळाचं, शेळीचं, पोरांच्या परीक्षेचं विचारायचे आणि निघताना दोन मिनिटं प्रार्थना करायचे. खराडीत सोसायटीच्या गेटवर ॲपमधून परवानगी घ्यावी लागते, लिफ्टने अकराव्या मजल्यावर यावं लागतं, हे खरं आहे. तरी यावं. पुढच्या महिन्यात सासू पुन्हा येणार आहे आणि शनिवारी संध्याकाळी सोसायटीतली सात-आठ मुलं तिच्याभोवती बसून योना पूर्ण करणार आहेत, जोडाक्षरांसकट. आपण आलात तर एक खुर्ची जास्त ठेवू. माइक आणू नये. चहा होईल, आणि नाताळचा फराळ अजून डब्यात असेल तर करंज्याही.

कळावे, लोभ असावा.

आपल्या मंडळीतली,
खराडीची एक आई

ता. क. तारवाबाहेरच्या मुलांचा प्रश्न अजून तसाच आहे. मुलगी दर रविवारी परत आल्यावर विचारते, कुणाला सापडलं का उत्तर.